कोपऱ्यातली पांढरी धूळ

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

होयटचं काम झालं एकदाचं.

जुलैत गेल्यापासून माझा थोरला भाऊ राख होऊन कॉफीच्या डब्यात बसून होता, त्याच्या बायकोच्या, अर्लीनच्या फ्रिजवर. मरताना तिच्याकडे त्यानं एकच गोष्ट मागितली होती, मला केनर्डच्या फुटबॉल मैदानात टाका, उत्तरेच्या कोपऱ्यात. तो लहान असताना त्या कोपऱ्यात चेंडू नेऊन केलेल्या एका टचडाऊनवर आम्ही आमच्या हाडवैरी मार्बरी कॉलेजला हरवलं होतं आणि बापाच्या खांद्यावर बसून तो आनंदानं रडला होता. कॉलेजला विचारलं तर ते नाहीच म्हणणार, म्हणून विचारलंच नाही. मार्बरीशी घरच्या मैदानावर सामना असला की आदल्या संध्याकाळी मैदानाची दारं उघडतात, बँड वाजतो, आणि आम्ही सगळे बायकापोरांसकट मैदानाभोवतीच्या रुंद पांढऱ्या पट्टीवरून एक फेरी मारतो. पट्टीवरूनच. आत हिरव्यावर पाय टाकायचा तो खेळणाऱ्यांनी. पोरपणी माझा पाय चुकून आत पडला तर बापानं तिथल्या तिथं थोबाडीत दिली होती.

राख मी पॉपकॉर्नच्या पिशवीत नेली. वर पॉपकॉर्न, खाली होयट. वाटेत माझा जुना दोस्त रँडल भेटला आणि "एकटाच काय चरतोस रे?" म्हणत त्यानं पिशवीत हात घातला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. वरचीच मूठ उचलली म्हणून निभावलं. अर्लीन खुदकन हसली. जुलैनंतर तिला हसताना पाहिलं नव्हतं.

कोपऱ्यातल्या नारिंगी खुंटापाशी पोचलो तेव्हा ती म्हणाली, "आत टाक, लेलंड. गवतावर. त्याला गवत हवं होतं."

"रेघ ओलांडायची नाही."

"पाय नको टाकूस. नुसता हात लांब कर."

"आणि हिरव्यावर राख दिसली म्हणजे? सकाळी झाडून कचऱ्यात टाकतील त्याला."

बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून मी वाकलो आणि पिशवी पांढऱ्यावरच रिकामी केली, आतल्या कडेला लागून, पण बाहेर. पांढऱ्यावर ती दिसलीसुद्धा नाही. तळव्यानं पसरली. अर्लीनचं तोंड उतरलं, पण गाडीत बसल्यावर तिनं माझा हात दाबला. उद्या होयट त्या जांभळ्या मार्बरीवाल्यांना अगदी जवळून हरताना बघेल. एवढं तरी त्याच्यासाठी केलं.

शनिवार, ३० नोव्हेंबर

चोरी. भरदिवसा, अख्ख्या स्टेडियमच्या डोळ्यांदेखत चोरी. आज लिहिणार नाही.

रविवार, १ डिसेंबर

चर्चला गेलो नाही. देवाशीही बोलायची इच्छा नव्हती.

मार्बरी चोवीस, आम्ही वीस. शेवटचा डाव. आमच्या पोरानं चेंडू उत्तरेच्या कोपऱ्यात भिरकावला, लांब हातांचा टेरेल उडाला, चेंडू छातीशी धरला, पाय टेकवला आणि मग बाहेर कोसळला. एक पाय आत टेकला की पुरे. मी आणि अर्लीन एकमेकांच्या गळ्यात पडलो. होयटच्याच कोपऱ्यात! तो वरून हसत असणार, असं मी ओरडलोसुद्धा. आणि बघतो तर रेषेवरचा पंच हात हलवतोय. बाहेर.

मग रिप्ले. बुटाच्या चवड्याखालून जराशी पांढरी धूळ उडाली. झालं, म्हणे पाय पट्टीला लागला, म्हणजे बाहेर, म्हणजे हरलो.

पांढरी धूळ! पट्टी रंगानं रंगवतात, चुन्यानं नाही. वाळलेला रंग उडत नाही. गवत कापायची यंत्रं दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला, मैदान मला कुणी शिकवू नये. मग ती धूळ आली कुठून? कुणी सांगेल? मागाहून चित्रात घातली, दुसरं काय. रँडलला फोन केला तर त्याचंही हेच मत.

अर्लीनला तीनदा फोन केला. उचलत नाही. तिला माझ्याहून जास्त लागलेलं दिसतंय.

मंगळवार, ३ डिसेंबर

थंडीत यंत्रं येत नाहीत, माणसं येतात. सकाळपासून माझ्या दुकानातल्या शेगडीभोवती सभा. रँडल प्लंबर असून दिवसभर पाइपाला हात लावला नाही. दुपारी व्हर्जिल टपाल घेऊन आला. गावात जांभळी टोपी घालायची छाती असलेला हा एकच माणूस.

"धूळ उडाली की नाही, एवढंच सांगा," तो म्हणाला.

"तुझ्या डोळ्यांत उडाली," रँडल म्हणाला.

"अरे पण साऱ्या देशानं पाहिली!"

"रंग उडत नाही, व्हर्जिल. तुझ्या घरच्या भिंती उडतात का?"

"मग काय उडालं? तुमची अब्रू?"

रँडल उठलाच होता, मी मध्ये पडलो. व्हर्जिल पत्रं फेकून हसत गेला. पुढच्या वर्षापर्यंत हेच ऐकायचं आता.

पण एक बातमी हाती लागली. त्या पंचाचं नाव नॉर्मन टिसडेल. तासाभरावरच्या डिकर्ड गावचा. आणि धंदा? डोळे तपासून चष्मे देतो! रँडल हसता हसता शेगडीवर पडायचा बाकी राहिला. "जो स्वतःच आंधळा, तो लोकांना चष्मे देतो!"

मग मी म्हणालो, प्रत्येकानं घरातला जुना, मोडका चष्मा त्याला टपालानं पाठवायचा. आत चिठ्ठी, "तुम्हाला जास्त गरज आहे." कल्पना माझी आहे हे लिहून ठेवतो, कारण रँडल आत्तापासूनच ती आपली म्हणून सांगत सुटलाय. संध्याकाळी रेडिओवरच्या वेंडेलनं ती उचलली. वेंडेलचा कार्यक्रम म्हणजे सगळा जिल्हा ऐकतो. होयट असता तर पाठ थोपटली असती माझी.

शनिवार, ७ डिसेंबर

अर्लीननं बोलावलं. गेलो तर टेबलावर काही नव्हतं, गोड चहासुद्धा नाही. त्या घरात असं कधी झालेलं नाही. तिनं टीव्हीवर तो डाव लावला आणि नेमका तिथं थांबवला.

"ही धूळ बघ."

"शंभरदा पाहिलीय. नंतर घातलेली आहे."

"लेलंड. कोपरा बघ. खुंट बघ. कुठून उडतेय ती?"

मी बघितलं. मग खुर्ची ओढून बसलो.

"होयट आहे तो," ती म्हणाली.

मार्बरीचं नाव घेतल्यावर जो माणूस थुंकायचा, त्यानंच मार्बरीला जिंकवलं. मी जिंकवलं, माझ्या या हातांनी. आणि त्याहून वाईट, राख तर पांढऱ्यावरच होती. ती चवड्याखालून उडाली म्हणजे चवडा पांढऱ्यावर होता. पंच बरोबर होता. हे लिहिताना हात धजत नाही, पण बरोबर होता तो माणूस.

"सांगायला हवं," अर्लीन म्हणाली. "त्या माणसाला लोक खातायत."

"चार दिवसांत विसरतील."

"आपल्याकडे? इथं पणजोबांच्या वेळचा चुकलेला निर्णय विसरलेले नाहीत लोक."

मी हात जोडले. म्हटलं, होयटचं नाव मातीत जाईल. ज्या लोकांत तो आयुष्यभर उठला बसला तेच त्याच्या नावानं बोटं मोडतील. थोडं थांब. तिनं टीव्ही बंद केला.

बुधवार, ११ डिसेंबर

अर्लीन थांबली नाही.

काल टिसडेलच्या दुकानाची काच कुणीतरी फोडली. मोडक्या चष्म्यांची पोती तर आधीच आत येऊन पडली होती. त्याची बायको काचा वेचत होती, तिचा हात कापला, टाके पडले. हे बातम्यांत आलं. अर्लीननं मला फोन करून एवढंच म्हटलं, "तुझी कल्पना," आणि ठेवला.

दुपारी दुकानात आम्ही वेंडेल ऐकत होतो. तो म्हणाला, आता पुढच्या श्रोत्या अर्लीनबाई. माझ्या हातातला पाना खाली पडला.

"ती धूळ माझ्या नवऱ्याची राख होती," तिचा आवाज आला. "होयट टार्पलीची. आदल्या संध्याकाळी आम्ही ती त्या कोपऱ्यात टाकली, मी आणि माझ्या दिरानं. कुणी काही फसवलेलं नाही. त्या भल्या माणसाला सोडा आता." पुढे तिला रडू फुटलं आणि तिनं फोन ठेवला.

वेंडेलसारख्या बडबड्यानं थेट जाहिरात लावली.  रँडलनं कॉफीचा कप शेगडीच्या कडेवर ठेवला.

"त्या पॉपकॉर्नच्या पिशवीत?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली. तो बाहेर जाऊन दोनदा थुंकला, मग परत येऊन म्हणाला, "तुझ्या भावानं हरवलं आपल्याला, लेलंड." चाळीस वर्षांची दोस्ती, आणि टोपी घालून निघून गेला. बाकीचेही एकेक करून उठले.

शुक्रवार, १३ डिसेंबर

दुकानात काळं कुत्रं नाही. काल सकाळी दारात कुणीतरी चुलीतली राख ओतून ठेवली होती, घमेलंभर. मी झाडून काढली.

अर्लीनकडे मार्बरीच्या लोकांनी फुलं पाठवलीत. जांभळी. रिबिनीवर लिहिलंय, "होयटला, आमच्या सर्वांत चांगल्या बचावपटूला." व्हर्जिलनं ती आणून दिली. एरवी दात काढणारा माणूस, पण म्हणे नजर वर करून बघत नव्हता. अर्लीननं फुलं पाण्यात ठेवली. "फुलांचा काय दोष?" म्हणाली. मी ती उचलून उकिरड्यावर टाकली. आमचं भांडण झालं.

होयट, हेच होऊ नये म्हणून मी हात जोडत होतो रे.

शनिवार, १४ डिसेंबर

आज जे झालं ते नीट लिहितो.

सकाळी रँडल धापा टाकत आला. रेडिओ लावला होता का विचारलं. मी रेडिओ बंद करून ठेवलाय. तो म्हणाला, वेंडेलनं मुद्दा काढलाय, अरे काय मुद्दा काढलाय! सगळे म्हणत होते धूळ उडाली म्हणजे पाय पट्टीवर. पण धूळ पट्टीची नव्हतीच, होयटची होती! तेव्हा होयट पडला होता कुठं, हा प्रश्न. राख आत गवतावर असेल, तर धूळ उडाली म्हणजे पाय आत. म्हणजे टचडाऊन. म्हणजे आपण जिंकलो, आणि होयट साक्षीदार!

त्याच्या मागं आणखी पाचसहा जण दारात येऊन उभे राहिले. दोन दिवस ज्यांनी माझ्या सावलीलाही टाळलं तेच. रँडलनं टोपी काढून हातात धरली होती, चर्चमध्ये धरतो तशी.

"आत की बाहेर, लेलंड?"

"आत," मी म्हणालो.

असं ठरवलं नव्हतं मी. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण मग काय तो गलका! रँडलनं मला मिठी मारून उचललंच. कुणीतरी जाऊन सगळ्यांसाठी गरम बिस्किटं आणली. "होयट! होयट!" म्हणून ओरडले लेकाचे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खरं होतं.

तशी संध्याकाळच होती ती, उजेड कमी होता. वाराही असेल. तळव्यानं पसरताना थोडी आत गेली नसेल कशावरून?

मंगळवार, १७ डिसेंबर

वेंडेलनं स्टुडिओत बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा स्टुडिओ पाहिला. आत कानांवर हेडफोन लावून बसवतात. मी सगळं सांगितलं, पिशवी, नाडी, खुंट, आणि आत गवतावर हात लांब करून राख सोडली ते. वेंडेलनं तीनदा विचारलं आणि मी तीनदा तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी मला कडेचं गवत डोळ्यांपुढे दिसत होतं. आमच्या बाजूच्या लोकांनी हिरवे शर्ट छापलेत, "होयटनं पाहिलं" असं लिहिलेले. लीग निकाल बदलत नाही, न बदलो. जग जाणतं.

परत येताना गाडीत ऐकलं की माझ्यानंतर अर्लीननं फोन केला होता. म्हणाली, राख बाहेर होती, मी शेजारी उभी होते, मी स्वतः त्याला आत टाक म्हणत होते आणि त्यानं ऐकलं नाही. वेंडेल अगदी गोड आवाजात बोलला, "अर्लीनबाई, देव तुमचं भलं करो. तुमचं दुःख आम्ही सगळे समजतो." मग दुसरा फोन घेतला.

त्यानं तसं बोलायला नको होतं. पण तिला तरी कुणी सांगितलं होतं पुन्हा फोन करायला?

रविवार, २२ डिसेंबर

चर्चमध्ये अर्लीन आमच्या बाकावर बसली नाही. सुटल्यावर मी तिला गाडीपाशी गाठलं.

"सगळ्या जिल्ह्यापुढे मला वेडी ठरवलंस," ती म्हणाली.

"मी कुठं काही म्हटलं? वेंडेल म्हणाला."

"तू राख कुठं टाकलीस, ते सांग."

मी म्हणालो, हे होयटसाठी केलं. त्याचं नाव राहिलं. शर्टांवर आलंय त्याचं नाव.

"होयट हरल्यावर शिव्या घालायचा," ती म्हणाली. "ताटल्या आपटायचा. मग जेवायचा आणि झोपायचा. खोटं बोललेला मी त्याला पाहिला नाही, लेलंड, मार्बरीबद्दलसुद्धा." तिनं गाडी सुरू केली. नाताळच्या जेवणाचं नाव काढलं नाही. दरवर्षी मी तिथंच असतो. रँडलकडे जाईन. त्याची बायको टर्की कोरडा करते.

गुरुवार, ९ जानेवारी

टिसडेल येऊन गेला.

दुकान भरलं होतं, हल्ली भरलेलंच असतं. दार उघडून एक बारकासा माणूस आत आला, स्वच्छ कोट, हातात हॅट. रँडलनं त्याला फोटोवरून ओळखलं.

"मिस्टर टार्पली कोण?"

मी हात पुसत उठलो.

"मी भांडायला आलेलो नाही," तो म्हणाला. "आधी हे बोलतो की तुमच्या भावाचं कळलं, फार वाईट वाटलं. कसे गेले?"

मी सांगितलं, स्वादुपिंडाचा कॅन्सर. त्यानं मान हलवली. गेल्या सहा आठवड्यांत होयटबद्दल इतके लोक माझ्याशी बोलले, पण तो कसा गेला हे कुणीच विचारलं नव्हतं.

"मिस्टर टार्पली, धूळ मी पाहिलीच नव्हती. ती मला नंतर रिप्लेनं दाखवली. मला पाय दिसला होता, पट्टीवर टेकलेला. अजूनही डोळे मिटले की तसाच दिसतो. पण राख तुमच्या हातांनी टाकलीत, तेव्हा तुम्हाला पक्कं ठाऊक. एकदा मला तोंडावर सांगा. आत होती की बाहेर?"

रँडल माझ्याकडे बघत होता. सगळेच बघत होते. मला वाटलं होतं हा माणूस चिडेल, माझ्या अंगावर येईल. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं.

"आत, सर," मी म्हणालो.

"बरं." त्यानं हॅट एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मग माझे डोळेच गेले म्हणायचे. मी स्वतः तपासले, दोनदा. काही सापडत नाही. म्हणून तर जास्त भीती वाटते." मग तोच पुढे म्हणाला, "काचेचं काही नाही, ती बसवली. पण शाळेतल्या पोरांचे डोळे मी तपासतो. इतक्या वर्षांत किती जणांना चुकीचा नंबर दिला असेल कोण जाणे. या महिनाअखेर बंद करतोय दुकान. बंद करण्याआधी खात्री करून घ्यावी म्हटलं."

त्यानं हात पुढे केला. मी तो हातात घेतला.

"खरं सांगितलंत, आभारी आहे," तो म्हणाला.

तो गेला आणि रँडलनं मांडीवर थाप मारली. "कबूल केलं! स्वतःच्या तोंडानं कबूल केलं!" सगळे एकदम बोलायला लागले. मी दारापर्यंत गेलो. बाहेर त्याची बायको गाडीचं दार धरून उभी होती, हातावर टाक्यांचा लाल वण, गाडी तीच चालवत आलेली. तो पायरीवर चाचपत पाय टाकत उतरत होता, आंधळा उतरतो तसा. मी नुसतं "मिस्टर टिसडेल" म्हटलं असतं तरी त्याला ऐकू गेलं असतं.

"दार लाव रे, गार वारा येतोय," रँडल मागून म्हणाला.

मी दार लावलं.